झोपेतले दात आणि पोटातले जंत

मूल झोपेत करकर दात खायला लागलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत निदान तिथल्या तिथे होतं: पोटात जंत झालेत. आजी म्हणते, गोड फार खातोय. आई दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणते. वावडिंगाचं पाणी, डिकेमाली अशी नावं निघतात आणि शेजारच्या कुणाच्या तरी मुलाचं दात खाणं गोळीने कसं थांबलं त्याची हकिकत सांगितली जाते. हे निदान इतकं रुजलेलं आहे की दवाखान्यात येणारी आई "मुलगा झोपेत दात खातो" असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, "डॉक्टर, जंताचं औषध दोनदा दिलं, तरी दात खायचं काही थांबत नाही." रोग कोणता हे घरीच ठरलेलं असतं, तक्रार फक्त औषधाबद्दल असते.

हे मत चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे हे मुद्द्याला मुद्दा भिडवून सांगायला हवं. 'अंधश्रद्धा' म्हणून हात झटकले की ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि पटूही नये. शिवाय आजीला दोष देऊन आम्हा दंतवैद्यांची सुटका होत नाही. आमच्या शास्त्रानेही याच बाबतीत एक चुकीचं मत अनेक दशकं उराशी धरलं होतं. शहरातल्या शिकलेल्या घरांत हल्ली तिसरंच एक मत चालतं. तिन्हींचा समाचार घ्यायचा आहे, पण सुरुवात जंतांपासून, कारण त्या मतावर सगळ्यांत जास्त माणसांचा विश्वास आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. लहान मुलांत सुतासारखे बारीक, पांढरे जंत सर्रास आढळतात. त्यांची मादी रात्री, मूल झोपलेलं असताना, गुदद्वाराबाहेर येऊन तिथल्या त्वचेवर अंडी घालते. तिथे खाज सुटते, मूल तळमळतं, कूस बदलतं, झोप मोडते. अशा अस्वस्थ झोपेत ते दातही खात असेल, हे म्हणणं काही अडाणीपणाचं नाही. दुसरं म्हणजे आईचा अनुभव: गोळी दिली आणि आठवड्याभरात आवाज थांबला. तिसरं, 'आपल्या जुन्या वैद्यकात हे सांगितलेलंच आहे' हा दाखला. या तिन्ही आधारांना उत्तर द्यावं लागेल.

शेवटच्या आधारापासून सुरुवात करू, कारण तो तपासायला सोपा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या सातव्या अध्यायात वीस प्रकारच्या कृमींचं वर्णन आहे. कृमी कुठे राहतात, कोणत्या आहाराने वाढतात, कोणती लक्षणं दिसतात, हे सगळं तिथे ओळीने येतं. मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, अरुची, ताप, जांभया, शिंका, कृश होत जाणं, गुदद्वाराशी खाज आणि टोचणी. यादी बारकाईची आहे. गुदद्वाराच्या खाजेची नोंद तर आजही तंतोतंत लागू पडते. त्या यादीत दात खाणं नाही. मूल दात खातं हे लक्षण येतं ते माधवनिदानात, आणि तेही बालरोगांच्या प्रकरणात, बालग्रहांच्या, म्हणजे मुलाला झपाटणाऱ्या शक्तींच्या, संदर्भात. दचकणारं, रडणारं, वर टक लावून पाहणारं, कण्हणारं, जांभया देणारं मूल दातही खातं, असं ते वर्णन आहे. त्या काळच्या वैद्याला दात खाण्याचा संबंध पोटाशी न दिसता मुलाच्या बेचैन अवस्थेशी दिसला. त्याचं कारण आपण स्वीकारणार नाही, पण त्याचं निरीक्षण आपल्या आजच्या घरगुती निदानापेक्षा सरस होतं. परंपरेचा दाखला द्यायचाच तर तो परंपरा वाचून द्यावा.

आता मूळ दाव्याकडे. एखादी गोष्ट दुसरीचं कारण आहे की नाही हे ताडण्याची आपल्या नैयायिकांची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची. कारण असेल तिथे कार्य दिसावं; कारण नसेल तिथे कार्य नसावं. जंतांना ही कसोटी लावून पाहा. ज्यांच्या पोटात जंत आहेत अशी असंख्य मुलं रात्रभर शांत झोपतात. उलट बाजूने, जंतांचा प्रादुर्भाव आपल्याहून बराच कमी आहे अशा देशांतही मुलं झोपेत दात खातात आणि तिथेही ते प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत, शाळेत, कॉलेजात अल्बेंडाझोलची गोळी मिळते. बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा. माझ्याकडे दात खाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी शाळेतली ती गोळी चघळलेली असते आणि वर घरचीही घेतलेली असते. कारण नष्ट झालं, कार्य चालूच आहे. व्यतिरेकाची कसोटी इथे कोसळते.

संशोधकांनीही हा प्रश्न सोडून दिलेला नाही. ब्राझीलमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दात खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या मुलांची शौचतपासणी केली. संबंध आढळला नाही. इराणमधल्या इस्फहानच्या २०१० च्या अभ्यासात मात्र जंतुसंसर्ग आणि दात खाणं यांचा काहीसा मेळ दिसला. हा दुसरा निष्कर्ष मी लपवणार नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि अशा अभ्यासांतून फार तर दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढंच कळतं. पण समजा, काही मुलांत संबंध असलाच, तर तो कोणत्या वाटेने असेल? पूर्वपक्षानेच ती वाट दाखवून दिली आहे: खाज, तळमळ, मोडलेली झोप. म्हणजे जंत दातांपर्यंत पोचतात ते झोपेच्या रस्त्याने. मग झोप मोडणारी इतर कोणतीही गोष्ट तेच काम करू शकते. जंत हे दूरचं, कधीमधीचं निमित्त ठरतं. कारणाचा शोध झोपेत घ्यावा लागतो.

उरला आईचा अनुभव. तो खोटा नाही; त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. झोपेत दात खाणं रोज सारख्या प्रमाणात होत नाही. प्रयोगशाळेत त्याच माणसाची रात्रीमागून रात्र नोंद घेतली तर घासण्याच्या आवाजाचं प्रमाण एका रात्रीहून दुसऱ्या रात्री निम्म्याने कमीजास्त होतं. लहान मुलांत तर हे काही आठवडे चालतं, काही महिने पूर्ण थांबतं, परत सुरू होतं, आणि बहुतेकांचं पौगंडावस्थेच्या आसपास ओसरतं. आई गोळी कधी देते? आवाज अगदी वाढला, घरातले हैराण झाले की देते. म्हणजे चढ संपून उतार लागण्याच्या बेताला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळतं. महिन्याभराने आवाज परत आला की मत बदलत नाही. जंत परत झाले असं ठरतं. कोणत्याही परिणामाने खोटं न ठरणाऱ्या निदानाला शास्त्रात किंमत नसते.

जंताची गोळी देऊच नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. शौचात जंत दिसले, रात्री गुदद्वाराशी खाज येते, मूल फिकट पडलंय, भूक मेली आहे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध जरूर द्या. सरकारी मोहिमेतली गोळीही चुकवू नका. रक्तक्षय आणि कुपोषण यांच्याविरुद्ध ती मोलाची आहे. दात खाण्यावरचा इलाज म्हणून मात्र ती देऊ नका.

आता आमचं घर. १९६१ साली मिशिगन विद्यापीठातल्या सिगर्ड रॅमफ्योर्ड यांनी असं मांडलं की वरचे आणि खालचे दात नीट जुळत नसले, एखादा दात बाकीच्यांच्या आधी टेकत असला, तर जबडा तो अडथळा घासून काढू पाहतो, आणि म्हणून माणूस दात खातो. रॅमफ्योर्ड मोठे विद्वान होते. दंतवैद्यकात त्यांचा शब्द चालायचा. उपायही त्यातूनच निघाला: दंतवैद्याने यंत्राने दातांचे उंचवटे घासून चावा जुळवून द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हे पाठ केलं. आजही एखाद्या दवाखान्यात रुग्णाला सांगितलं जातं, "तुमचा बाइट बरोबर नाही, थोडं ग्राइंडिंग करून घेऊ."

यालाही तीच कसोटी लावू. रॅमफ्योर्ड यांच्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि स्नायूंच्या विद्युत-नोंदी माणसं जागी असताना घेतलेल्या होत्या. पुढे १९८० साली बेली आणि रुह यांनी दात घासून चावा जुळवलेल्या रुग्णांच्या जबड्याच्या स्नायूंची रात्री झोपेत नोंद घेतली. दात खाणं थांबलं नाही. १९८४ मध्ये रुह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला, आणि मला तो या सगळ्या वादातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी काही जणांच्या दाढांवर मुद्दाम उंच राहील अशी कॅप बसवली. चाव्यातला अडथळाच जर कारण असेल, तर त्या रात्री दात खाणं वाढायला हवं होतं. बहुतेकांत ते कमी झालं. अडथळा काढला तरी कार्य चालू, अडथळा घातला तरी कार्य घटतं. कारणत्वाचा दावा याहून स्पष्ट कसा मोडणार? २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या लॉबेझू आणि नाइये यांनी सगळ्या पुराव्याचा आढावा घेऊन लिहिलं की दात खाण्याचं नियंत्रण मुख्यतः मेंदूत आहे, दातांत नाही.

या मताचं खंडन मला जंतांच्या खंडनाइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं वाटतं. चुकून दिलेली जंताची एक गोळी सहसा मोठं नुकसान करत नाही. पण दाताचं इनॅमल एकदा घासलं की परत येत नाही. शरीर ते नव्याने तयार करत नाही. दात खाणं थांबवायचं म्हणून निरोगी दात घासून देणं हा परत न फिरवता येणारा उपचार आहे, आणि तो खोट्या कारणावर उभा आहे.

मग खरं काय घडतं? कॅनडातल्या माँट्रियाल विद्यापीठात जिल लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात खाणाऱ्यांना झोपेच्या प्रयोगशाळेत निजवून मेंदू, हृदय, श्वास आणि जबड्याचे स्नायू यांची एकाच वेळी नोंद घेतली. दातांचा आवाज ऐकू येण्याआधी काय होतं ते त्या आलेखांत क्रमाने दिसतं. सुमारे चार मिनिटं आधी, कधी त्याहून लवकर, हृदयाला चेतवणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेची हालचाल वाढू लागते. साधारण चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी जलद होतात: झोपलेला मेंदू क्षणभर जागेपणाकडे सरकतो, पण माणसाला त्याचा पत्ता नसतो. मग एक ठोका आधी हृदय वेग घेतं, दीर्घ श्वास घेतला जातो. एका सेकंदाहूनही कमी वेळ आधी हनुवटीखालचे, जबडा उघडणारे स्नायू आवळतात. आणि मग गालातला मॅसेटर हा चावण्याचा मुख्य स्नायू तालात आकुंचन पावू लागतो. करकर ऐकू येते ती इथे. पुष्कळदा त्यानंतर झोपलेला माणूस आवंढा गिळतो.

या सगळ्या साखळीत दातांचा क्रमांक शेवटचा आहे. ते कारण असते तर पहिले आले असते.

त्या क्षणभराच्या चाळवण्याला 'सूक्ष्म जाग' म्हणू. ती काही आजारी माणसालाच येते असं नाही. निरोगी तरुणालाही तासाला आठ-पंधरा वेळा येते, काही सेकंद टिकते आणि विरते. जबड्याची ती तालबद्ध हालचालही निरोगी माणसांपैकी सुमारे साठ टक्क्यांत झोपेत आढळते. त्यांच्या दातांचा आवाज होत नाही एवढंच. दात खाणाऱ्यांत तीच हालचाल तिपटीच्या घरात होते आणि तिच्यात जोर जास्त असतो. तो जोर थोडाथोडका नव्हे. जपानमध्ये २००१ साली झोपेतल्या चाव्याचा दाब मोजला, तर जोराच्या झटक्यांत तो सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास आणि एका प्रसंगी ऐंशी किलोच्या वर निघाला. जागेपणी जीव तोडून चावलं तरी काहींना एवढा दाब देता येत नाही, कारण जागेपणी दुखतं म्हणून आपण आवरतं घेतो. झोपेत तो लगाम सुटलेला असतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जी क्रिया निम्म्याहून अधिक निरोगी माणसांत सौम्यपणे होते, ती जास्त झाली की लगेच तिला रोग म्हणायचं का? २०१८ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने जी भूमिका घेतली ती अशी की अन्यथा निरोगी माणसात दात खाणं हा विकार मानू नये. ती एक क्रिया आहे; कुणाला तिच्यापासून अपाय होतो, कुणाला काहीच होत नाही, आणि कुणात ती कदाचित उपयोगाचीही असेल, जसं झोपेत कोरडं पडलेलं तोंड लाळेने ओलं करणं किंवा घशातली श्वासवाट मोकळी ठेवणं. उपयोगाचं अजून सिद्ध झालेलं नाही. ती अनुमानं आहेत. पण दृष्टी बदलली हे खरं, आणि मला ती योग्य वाटते. आवाज आला म्हणून इलाज करायचा नाही. अपाय होतोय का, आणि या आवाजामागे झोपेत आणखी काही बिघडलंय का, हे दोन प्रश्न विचारायचे.

तिसरं मत टेन्शनचं. शिकलेल्या घरात जंतांचं नाव कुणी काढत नाही. तिथे सगळे म्हणतात, ताण आहे. नवऱ्याच्या तक्रारीवरून आलेल्या एखाद्या बाईला डॉक्टरांपासून नणंदेपर्यंत सगळे एकच विचारतात: "कसलं एवढं टेन्शन घेतेस?" बिचारी आठवून आठवून थकते. १९९५ साली अमेरिकेत शंभर जणांची घरी, पंधरा रात्री स्नायूंची नोंद घेतली आणि त्यांच्याकडून रोजच्या ताणाची टिपणंही ठेवून घेतली. दिवसाचा ताण आणि रात्रीचं दात खाणं यांचा मेळ फक्त आठ जणांत बसला. ताणाचा संबंध नाहीच असं मी म्हणणार नाही. ताणाने झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेत सूक्ष्म जाग वारंवार येते. पण ताणाशी खरी घट्ट जोडलेली सवय आहे ती दिवसाची: संगणकासमोर, गाडी चालवताना, हिशेब करताना दात दाबून धरण्याची. तिचा आवाज येत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि संध्याकाळी कानशिलं ठणकली, जबडा अवघडला की दोष रात्रीला मिळतो. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. दिवसातून अनेकदा ते तपासायची सवय लावली, तर या दुखण्यावर कोणत्याही उपकरणाआधी तिचा उपयोग होतो.

झोपेत दात खाण्याच्या सोबतीला खरोखर काय आढळतं हे पाहिलं की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. घराण्यात चालत येणं: फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात यातला सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचं दिसलं. विडी-सिगारेट, संध्याकाळचं मद्य, अति कॉफी. नैराश्यावरची काही औषधं, जसं फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन. ती सुरू केल्यावर दात खाणं सुरू झालं असेल तर औषध स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. छातीत जळजळ, घशाशी येणारं आम्ल: जपानमधल्या ओकायामा विद्यापीठात २००३ साली दात खाणाऱ्यांना आम्ल कमी करणारं औषध दिल्यावर जबड्याची ती हालचाल घटली. म्हणजे पोटाचा संबंध आहे म्हणणारी आजी अगदीच भलत्या ठिकाणी बोट ठेवत नव्हती. जंतांऐवजी आम्ल, एवढा फरक.

आणि श्वास. मुलांच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे. ब्राझीलमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढून झोपेत श्वास अडणाऱ्या ६९ मुलांपैकी ४५.६ टक्के मुलं दात खात होती. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी हे प्रमाण ११.८ टक्क्यांवर आलं. कुठलंही जंताचं औषध नाही, दातांना हात लावलेला नाही. श्वास मोकळा झाला आणि दात शांत झाले. प्रत्येक दात खाणाऱ्या मुलाचे टॉन्सिल वाढलेले असतात असं नव्हे. पण दात खाणारं मूल घोरतही असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, आठव्या-नवव्या वर्षीही अंथरूण ओलं करत असेल, दिवसा चिडचिडं, पेंगुळलेलं असेल, तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. जंताच्या गोळीत अशी वर्षं निघून जातात. हे मत मोडून काढायची माझी निकड आहे ती यासाठी.

यांपैकी काहीही नसेल, मूल हसतंखेळतं असेल, तर काय करायचं? सहा वर्षांच्या अशा मुलाचं तोंड उघडून पाहिलं की दुधाच्या सुळ्यांना टोकं राहिलेली नसतात. त्यांचे माथे सपाट, गुळगुळीत, चकचकीत होतात, आणि मधोमध पिवळसर ठिपका दिसतो. तो आतल्या डेंटिनचा. हे पाहून आई घाबरते. पण दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांहून पुष्कळ पातळ असतं, ते लवकर झिजतं, आणि हे दात पडणारच असतात. सुळे साधारण दहा-अकराव्या वर्षी. तो दात दुखत नसेल, गार पाण्याने शिवशिवत नसेल, तर काहीही करायचं नाही. झोपेची वेळ ठरलेली असावी, झोपण्यापूर्वीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद असावा, रात्री चहा देऊ नये. वाढत्या जबड्याला दात झाकणारा नाइट गार्ड बसवायची घाई नको. दर सहा महिन्यांनी दात दाखवत राहावं, एवढं पुरतं.

मोठ्यांचं थोडं वेगळं. त्यांचे दात परत येणारे नाहीत. सकाळी जबडा जड, कानशिलं दुखणं, कॅप किंवा भरलेलं सिमेंट वारंवार निघणं, दाताचा तुकडा पडणं, ही अपायाची चिन्हं. झिजलेले दात दिसले म्हणजे माणूस आज दात खातोच असं मात्र धरू नये: झीज वर्षांपूर्वीची असू शकते, आणि आपल्याकडे ती राखुंडी, मशेरी, खरबरीत दंतमंजन किंवा वारंवारच्या आंबट पेयांनीही होते. अपाय होत असेल तर दंतवैद्य मापाचा कडक नाइट गार्ड करून देतात. त्याच्याकडून अपेक्षा नेमकी ठेवावी. गार्ड हेल्मेटसारखा आहे. तो अपघात टाळत नाही, डोकं वाचवतो. सुरुवातीच्या काही दिवसांत दात खाणं कमी झाल्यासारखं दिसतं, पण दोनेक आठवड्यांत ते बहुधा पूर्ववत होतं. झीज तेवढी गार्डावर जाते. बोटॉक्सच्या इंजेक्शनांनीही झटक्यांचा जोर घटतो. झटक्यांची संख्या घटत नाही.

गार्डाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. २००४ साली लाविन्य यांच्याच गटाने झोपेत श्वास थांबणाऱ्या दहा रुग्णांना वरच्या दातांवर गार्ड घालून निजवलं, तेव्हा पाच जणांच्या श्वासातले अडथळे पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले. अभ्यास लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जाडजूड मान, मोठं घोरणं, वाढलेला रक्तदाब, दुपारी गाडी चालवताना डुलकी, अशा माणसाला आधी झोपेच्या तपासणीला पाठवावं आणि गार्डचा विचार नंतर करावा. गार्डसाठी माप घेण्यापूर्वी "घोरता का?" एवढा प्रश्न दंतवैद्याने विचारलाच पाहिजे. तो विचारला गेला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

आणि ज्यांच्या घरात मूल दात खातंय त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आवाज आला की त्याला हलवून उठवू नका. मोबाइल त्याच्या उशाशी ठेवून पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि डॉक्टरांकडे येताना तो घेऊन या. दात कसे वाजतात हे आम्हाला माहीत आहे. त्या आवाजाच्या आधी आणि नंतर त्याचा श्वास कसा चालतो, ते आम्हाला ऐकायचं आहे.